पैऱ्यातलं पळणं

माझ्याविषयी आजवर जे काही छापून आलं, त्यात 'हरिणी' हा शब्द नाही असा एकही मजकूर माझ्या पाहण्यात नाही. जंगलातली हरिणी, जोयड्याची हरिणी. एकाने तर 'अनवाणी हरिणी' असं लिहिलं होतं, जणू बाकीच्या हरिणी चपला घालून फिरतात. पत्रकार येतात ते प्रश्न ठरवूनच येतात. वाघ मागे लागला होता का? रानातले कंद खाऊनच एवढा दम आला का? मी सांगते, वाघ मागे लागला असता तर आज तुम्ही दुसऱ्या कोणाची तरी मुलाखत घेत असता. ते हसतात, आणि दुसऱ्या दिवशी वाघ छापतातच.

मला याचा राग येतो, आणि तो वयाबरोबर कमी होईल असं वाटलं होतं तर वाढतोच आहे. हरिणी आपोआप पळते. तिला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तिच्या वाट्याचं भात दुसऱ्या कोणाला लावावं लागत नाही. मी आपोआप पळाले नाही. मी पळत होते तेव्हा माझ्या वाट्याच्या चिखलात दुसरी बाई वाकलेली होती. तिच्याबद्दल आजवर एकाही शहाण्याने मला विचारलेलं नाही.

आमची वाडी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, दिग्गीच्या पलीकडे, रानात. थोडी घरं, उतरत्या भातखाचरांच्या पायऱ्या, आणि माणसांपेक्षा जास्त गवे. लावणीच्या दिवसांत इथे पैशाने माणूस मिळत नाही, पैऱ्याने मिळतो. आज तुम्ही माझ्या खाचरात दिवसभर वाकलात, उद्या मी तुमच्या खाचरात वाकणार. याची कुठे नोंद नसते, पण कोणाचा पैरा कोणावर आहे हे साऱ्या वाडीला तोंडपाठ असतं. आणि पैरा फिटतो तो त्याच कामाने. लावणीचा लावणीने, कापणीचा कापणीने. लावणीचा पैरा मी शेणी थापून फेडते असं कोणी म्हटलं, तर बायका तिला वर्षभर हसतील. ही रीत ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं आयुष्य तिच्यात अडकलेलं आहे.

आई माझी लहानपणीच गेली. बाबा कॅसलरॉककडे रुळांच्या कामावर असायचे, सुट्टी मिळेल तेव्हा घरी यायचे. मला वाढवलं ते काकीने. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. बुटकी, काटक, आणि जिभेला हाड नसलेली. वाडीतले पुरुष तिच्याशी बोलताना आधी इकडेतिकडे बघत, कोणी ऐकत तर नाही ना.

जोयड्याला तालुक्याचे खेळ होते तेव्हा आमच्या मास्तरांनी लांबच्या शर्यतीत माझं नाव घातलं. त्यांच्या यादीत त्या शर्यतीला मुलगीच नव्हती, एवढंच कारण. मी पळाले आणि पहिली आले. पहिली आले याचा आनंद झालाच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच घडली. डोक्यावर काही न घेता मी इतकी लांब कधी गेलेच नव्हते. आमच्याकडे मुलगी घराबाहेर पडते ती घागर, मोळी नाहीतर पाल्याचा भारा घेऊनच. रिकाम्या डोक्याने, हात मोकळे सोडून, कुठेही न पोचण्यासाठी जायचं, हे सुख मला त्या दिवशी कळलं आणि मी त्याला चिकटले ती चिकटलेच.

मास्तर म्हणाले, रोज पळ. मी वाडीपासून दिग्गीपर्यंतच्या तांबड्या रस्त्यावर रोज सकाळी पळू लागले. आणि वाडीचं डोकं फिरलं.

पहिली तक्रार घरातूनच. घरात काम पडलेलं असताना पोरगी खेळायला जाते कशी? चुलते म्हणाले, गावकर म्हणाले. गावकर म्हणजे गावचे प्रमुख. देवळाचा मान त्यांचा आणि शेवटचा शब्दही त्यांचा. "खेळ हाय गे त्यो," ते काकीला म्हणाले. "खेळासाटनं कोन काम सोडतंय?" काकीने मला कामातून सोडलं नाही, पण पहाटे लवकर उठवू लागली, म्हणजे काम उरकून पळता येईल.

मग चैत्र आला आणि वार सुरू झाले. देवीच्या जत्रेआधीचे मंगळवार आमच्याकडे पाळतात. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, कोयता-कुऱ्हाड उचलायची नाही, मुसळ वाजवायचं नाही. गाव नुसतं बसून राहतं. मी मंगळवारी सकाळी नेहमीसारखी पळून आले, तर देवळाच्या पारावर माणसं जमलेली. वार मोडला म्हणाले. गावकर तांबडेलाल झाले होते. "वाराला काम केलंस! गावावर काय आलं म्हंजे कोन निस्तरनार?"

मी घाबरून मागे सरकले. काकी पुढे आली. ती थेट पारासमोर जाऊन उभी राहिली.

"सा दिस तुमीच म्हंतासा, पळनं खेळ हाय, काम सोडायचं न्हाई. आन् मंगळवारी म्हंतासा, काम हाय, पळायचं न्हाई. एक काय ते ठरवा की गा!"

पारावरच्या बाप्यांनी कधी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. शेवटी गावकर म्हणाले, "देवीला इचारू."

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळा गाव देवळात उभा. गुरवाने विचारलं, "आई, ह्या पोरीचं पळनं काम हाय का?" कितीतरी वेळ काहीच पडेना. मग उजवी कळी सुटली आणि खाली घरंगळली.

काम. देवीने सांगितलं, काम. पुरुष खूश. वाराला पळणं बंद, प्रश्न मिटला, नारळ फुटला. पुढे धारवाडला मला शिकवायला जे गुरुजी भेटले ते म्हणाले की आठवड्यातून एक दिवस पायांना पूर्ण विसावा दिलाच पाहिजे. हे गावकरांच्या कानावर गेलं, तर ते तालुकाभर सांगत सुटले की आमच्या देवीला हे शास्त्र आधीपासून ठाऊक होतं. जणू त्यांनी माझ्या पायांची काळजी म्हणूनच पारावर आरडाओरड केली होती.

पण त्या कौलाचं खरं फळ आषाढात आलं. लावणी सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी बायका पैरे ठरवायला आमच्या ओसरीवर बसल्या होत्या. कोण कोणाकडे कधी, हे चाललं होतं. माझं नाव आलं तेव्हा काकी म्हणाली, "ही न्हाई यायची. ही कामावर हाय."

"कसल्या कामावर गे?"

"पळायच्या. देवीनं काम म्हटलंय न्हवं? मग पैऱ्यात धरा."

बायका आधी हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. देवीचा शब्द होता, तो सगळ्यांच्या समोर पडला होता, तो कसा मोडणार? एकीने खरी अडचण काढली. "धरू की. पन फेडनार कशी? पळायचा पैरा पळूनच फेडाय पायजे. आमी काय पळनार हाय व्हय ह्या वयात?"

काकीने थोडा विचार केला. "आमी न्हाई पळनार. आमच्या पोरी पळतील. तवा ही त्येंच्यासाटनं पळंल." आणि माझ्याकडे वळून, "व्हय का गे?"

मी व्हय म्हणाले. शाळेत जाणारी पोर मी, मला काय कळत होतं! पण व्हय म्हणाले ते म्हणाले, आणि वाडीतल्या बायकांनी ते धरलं. पळण्याला पैऱ्यात धरणारं दुसरं गाव पृथ्वीच्या पाठीवर असेल असं मला वाटत नाही. शहाण्यासुरत्या माणसांनी ही चूक मानली असती. माझं सगळं पुढचं त्या चुकीवर उभं आहे.

त्या पावसाळ्यात मी जळवा झटकत, चिखल तुडवत पळायचे आणि रस्त्याखालच्या खाचरांत बायका पाठीवर पानांची इरली घेऊन ओळीने वाकलेल्या असायच्या. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. लाज वाटायची. एकदा मी पाय ओढत चालायला लागले तर खालून काकीचा आवाज आला, "पळ गे! कामावर हायस न्हवं!" सगळ्या बायका खदखदून हसल्या आणि पुन्हा वाकल्या. मी पळाले. त्यानंतर मी शर्यतीत कधीही चालले नाही, कितीही पोटात कळ आली तरी.

धारवाडला मुलींच्या क्रीडा वसतिगृहात गेले, राज्यात पहिली आले, मग देशात. पाच हजार मीटर आणि दहा हजार मीटर ही माझी अंतरं. दहा हजार मीटरच्या ज्या शर्यतीने मला देशाची विजेती केलं तिच्याविषयी मला नेहमी विचारतात की शेवटच्या फेऱ्यांना मनात काय होतं. देश होता असं सांगितलं की त्यांना बरं वाटतं. मनात लावणी होती. ओळीत वाकलेली बाई बांध किती लांब आहे हे बघत नाही. बघितलं की कंबर मोडते. ती हातातली रोपं बघते. मी पुढच्या मुलीच्या टाचा बघत राहिले, आणि एका वळणावर त्या टाचा माझ्या बाजूला आल्या, मग मागे गेल्या. संपलं तेव्हा मला आधी कळलंच नाही. आनंद नंतर आला, एकदम आणि खूप. मी मैदानावर बसून ओक्साबोक्शी रडले.

गावी परतले तेव्हा देवळासमोर मांडव होता. व्यासपीठावर सगळे पुरुष. गावकर होते, मास्तर होते, दोन पक्षांचे दोन पुढारी होते, आणि त्यांच्यामध्ये शाल घेऊन मी. इतक्या शाली, की त्या उकाड्यात घामाने डोळे चुरचुरत होते. बायका कुठे होत्या? मांडवामागे, चुलीपाशी. माझ्या वाट्याचं भात ज्यांनी लावलं त्या बायका माझ्या सत्काराचं जेवण रांधत होत्या आणि माझं नाव लाऊडस्पीकरवर आलं की पळी हातात घेऊन पडद्याच्या फटीतून बघत होत्या. एका पुढाऱ्याने मोठ्या मनाने विचारलं, माग, काय हवं ते माग. मी म्हणाले, शाळेजवळची जागा सपाट करून द्या, आमच्या मुलींना पळायला. केवढ्या टाळ्या पडल्या! त्या टाळ्यांवर ती जागा आजही तशीच आहे. मधे तिथे रस्त्याची खडी आणून टाकली. आता तिच्यावर रानतुळस उगवते.

खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर मला शहरात नोकरी लागली. तिथेही तोच पार, तेच बाप्ये, फक्त खुर्च्यांवर बसलेले. सरावाला वेळ मागितला की साहेब म्हणायचे, "मॅडम, खेळायला चाललात? रजा टाका." पदक आणलं की तेच साहेब माझ्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायचे आणि सांगायचे, ही आमच्या खात्याची कामगिरी आहे. लग्न झालं, मूल झालं, आणि मी पुन्हा पळायचं म्हटलं तर घरचे, दारचे, ऑफिसचे सगळे एका सुरात, आता खेळ पुरे. घाम माझा, पाय माझे, गुडघ्यातली दुखणी माझी, पण ते काम की खेळ हे ठरवणार दुसरेच, आणि ठरवताना नेहमी माझ्या अंगावर पडेल तेच ठरवणार. आमच्या गावकरांनी निदान देवीला विचारलं तरी होतं.

शर्यती संपल्या तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता पैरा फेडायचा. सुट्टी मिळाली की लोंढ्यावरून गाडीने कॅसलरॉक, तिथून मिळेल त्या जीपने वाडी. सकाळी मुलींना घेऊन तांबड्या रस्त्यावर जायचं. चार दिवस जमायचं, पाचव्या दिवशी कोणाचा तरी बाप आडवा यायचा. पोरी वयात आल्यात. रस्त्याला पर्यटकांच्या गाड्या येतात. आणि सगळ्यांचं आवडतं, वाघ. मी एकाला विचारलं, तुझी लेक मोळी आणायला याहून आत, रानात जाते, तिथला वाघ काय शाकाहारी आहे? लाकडं आणायला निघालेल्या मुलीला वाघ दिसत नाही, पळायला निघाली की लगेच रस्त्यावर येऊन बसतो! तो म्हणाला, अक्का, तुमी शहरातल्या, तुमाला न्हाई कळायचं. मी, शहरातली!

या सगळ्यांत एक मुलगी टिकली. काकीची नात. दहावीत गेलेली, सडपातळ, अबोल, आणि पळताना तिच्या पावलांचा आवाजच येत नाही. माझ्यापेक्षा तिचं अंग पळण्याला जास्त बनलेलं आहे, हे मी कौतुकाने नाही, डोळ्यांनी बघून सांगते. पण दहावीनंतर काय? घरातल्यांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. काकी नको म्हणत होती, पण काकीचं आता वय झालं होतं आणि घरात तिचं पहिल्यासारखं चालत नव्हतं. पोरगी वसतिगृहात गेली तर सुटणार, नाहीतर अडकणार, इतकं ते सरळ होतं.

म्हणून यंदा जत्रेच्या आधी गावात शर्यत ठेवायचं तरुण मंडळाने ठरवलं आणि मला पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा मी हरखले. माझ्याबरोबर पळणारी एक मैत्रीण आता धारवाडच्या वसतिगृहात मुली निवडते. तिला मी गळ घातली, ये, आमच्या मुली बघ. ती यायला तयार झाली. मी काकीला फोन करून सांगितलं, यंदा तुझा पैरा फेडते.

गावात पोचले तर दिग्गीच्या फाट्यापासून कमानी, आणि देवळासमोर पुन्हा मांडव. प्रत्येक कमानीवर माझा फोटो, पळतानाचा, आणि खाली अर्थातच हरिणी. शर्यत होती शेवटच्या मंगळवारी, वाराच्या दिवशी. का, तर त्या दिवशी सगळे मोकळे असतात. मला हसू आलं. ज्या दिवशी पळाले म्हणून मला पारावर उभं केलं, त्याच दिवशी लाऊडस्पीकर लावून पळणार! मग फलक नीट वाचला. फक्त पुरुषांसाठी. मुलींना रांगोळी आणि लिंबू-चमचा.

जुने गावकर आता नाहीत, त्यांचा मुलगा गावकर आहे. माझ्याच वर्गात होता, माझ्याच पाटीवरून उत्तरं बघायचा. मी त्याला गाठलं. म्हटलं, हे काय आहे?

"अक्का, वार हाय न्हवं आज," तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला. "बाप्यांचं पळनं खेळ हाय. त्येला वार आड येत न्हाई. बायकांचं पळनं काम हाय. कौल लागलाय तसा. तुज्याच येळंला लागलाय की, इसरलीस?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या कौलाने मी सुटले त्याचीच दोरी करून यांनी गावातल्या सगळ्या मुली बांधल्या होत्या, आणि त्या दोरीवर माझं नाव लिहून ठेवलं होतं. मी त्याला नको नको ते बोलले. तो ऐकून घेत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "व्हईल पुढच्या वर्साला कायतरी. आता झेंडा दाखव, पोरं खोळंबल्यात."

मैत्रीण येऊन खुर्चीवर बसली होती. तिला संध्याकाळची गाडी गाठायची होती. मुलगे रेषेवर उभे, कोणी बूट घालून, कोणी मोबाइल धरून. काकीची नात बाकीच्या मुलींबरोबर रांगोळीच्या डब्यापाशी. मला व्यासपीठावर चढवून हातात झेंडा दिला. मी तो वर धरला आणि खाली आणलाच नाही. हात वर तो वरच. पोरं दोनदा पुढे पळाली आणि दोनदा मागे आली. गावकराने खालून खुणा केल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. मला पुढचं काहीच सुचलेलं नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की हा झेंडा मी खाली आणला तर माझ्या हाताने त्या पोरीचं लग्न लागणार.

कुजबुज वाढली तशी मांडवामागचा पडदा सरकला आणि काकी बाहेर आली. धुराने डोळे लाल, कोपरापर्यंत हात ओले. मागे चुलीवर हंडे चढलेले, शर्यतीच्या पाहुण्यांचं जेवण. तिने मला बघितलं, झेंडा बघितला, फलकाकडे बोट दाखवून नातीकडून तो वाचून घेतला. मग पारासमोर जाऊन उभी राहिली, त्याच जागी.

"काम म्हंतासा, मानलं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यापेक्षा बारीक झाला होता, पण लाऊडस्पीकर कोणीतरी आपण होऊन बंद केला. "वाराला बायकांनी काम करायचं न्हाई. मग ही चूल कशात येती गा? दर वाराला तुमी बसून ऱ्हातासा आन् आमी दुप्पट रांधतो. त्ये काम हाय का खेळ? लाव कौल."

गुरव देवळाच्या पायरीवर होता. तो जागचा हलेना.

"लाव की! काम म्हनाली तर आज चूल न्हाई. खेळ म्हनाली तर आमी खेळायलाच हाव, मग पोरीबी खेळूंदेत. कुठलीबी कळी पडूंदे, मला चालतंय."

गावकर म्हणाला, "काकी, असल्या बारक्या गोष्टीत देवीला कशाला..."

मी वरून ओरडले, "माझ्या वेळी देवी रिकामी होती होय?"

काकीने वाट बघितली. गुरवाने गावकराकडे बघितलं, गावकराने जमिनीकडे. तेव्हा काकी वळली, मांडवामागे गेली, आणि हंड्याखालची जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली. दुसऱ्या बायकांनी क्षणभर बघितलं आणि आपापल्या चुलीची ओढली. मग सगळ्या पदराला हात पुसत येऊन पारासमोर बसल्या. वार पाळत. नुसता ओला धूर मांडवात शिरत राहिला आणि पाहुणे खोकू लागले.

गावकराने सगळीकडे बघून घेतलं, माझ्या मैत्रिणीकडेही, आणि पुटपुटला, "पोरीस्नी पळूंदे. मागनं."

मागून तर मागून. रांगोळीच्या डब्याजवळच्या मुली पळत येऊन रेषेमागे उभ्या राहिल्या, परकर खोचून. काकीच्या नातीने चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. मी झेंडा खाली आणला.

ती पहिली आली नाही. ताकदीची पोरं होती पुढे. पण मागून सुटून ती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ओलांडून आली आणि येताना तिला धापही लागलेली नव्हती. माझ्या मैत्रिणीने मला काही विचारलं नाही. तिने मुलीच्या बापाला बोलावलं आणि वसतिगृहात कधी हजर राहायचं ते सांगितलं. वाडीसमोर, पाहुण्यांसमोर त्याला नाही म्हणवेना. त्या दिवशीचा भात पुरुषांनी रांधला. अर्धा कच्चा होता. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

पोरगी जूनमध्ये धारवाडला गेली. मंडळाने ठराव केला की पुढच्या वर्षापासून शर्यत वाराला नको, दुसऱ्या कोणत्याही दिवशी घ्यावी. मुलींना पळू द्यायचं की नाही यावर त्यात अवाक्षर नाही. शर्यतीचा दिवस बदलतील, कमानी बदलतील, पण चुलीचा कौल लावणार नाहीत. मी गावी गेले की गुरवाला न चुकता विचारते, लावलास का? तो म्हणतो, बघू, अक्का.

आषाढात मी रजा काढून गेले. काकीच्या नातीची ओळ खाचरात रिकामी होती आणि ती भरायला मी चिखलात उतरले. इतकी वर्षं हा पैरा डोक्यावर होता, आता हातांनी तरी फेडावा. थोडी रोपं लावून झाली असतील, तर शेजारून काकीने माझी ओळ बघितली आणि मी लावलेली रोपं उपसून पुन्हा नीट लावू लागली.

"वाकडं लावतीस," ती म्हणाली. "आन् हा पैरा असा फिटत न्हाई. पळायचा पळूनच फेडाय पायजे."

"तुझा फिटला की काकी. नात गेली तुझी."

"माझा फिटला," ती न थांबता, न वर बघता म्हणाली. मग रोपाच्या जुडीनेच तिने ओळीकडे हात केला. ओळीत वाकलेल्या बायका आता कंबर सरळ करून माझ्याकडे बघत होत्या, आणि बांधावर त्यांच्या मुली डोक्यावर रोपांचे भारे घेऊन उभ्या होत्या. "ह्येंचा कवा फेडतीस?"